तुम्ही विचारलंत म्हणून: ते गाणं मी अजून का ऐकतो

"ज्या गाण्यापायी तुमचा मित्र गेला, ते तुम्हाला अजून ऐकवतं तरी कसं?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, दशक्रियेला विचारतात. परवा सराफ बाजारात आमच्या दुकानात एका जुन्या गिऱ्हाइकाने बांगड्यांचं वजन होता होता विचारलं. दर वेळी मी काहीतरी तोडून बोलतो आणि समोरचा "तसं नाही हो, आपलं सहज" म्हणून गप्प होतो. आता एकदाच नीट लिहून टाकतो.

गाणं म्हणजे सिस्टीम ऑफ अ डाऊन या अमेरिकन मेटल बँडचं 'चॉप सुई'. पहिलं म्हणजे "गाण्यापायी गेला" हे तुमचं वाक्य आहे. माझं नाही.

हा बँड आम्हाला फुले मार्केटमधल्या एका एमपीथ्री सीडीवर सापडला. त्या सीडीवर बाबा सेहगलही होता आणि मेटालिकाही, यावरून काय ते समजा. माझा हा मित्र पारोळ्याकडचा, घरी कोरडवाहू कपाशी. मी जळगावचा, पण घर लहान म्हणून त्याच्या खोलीवरच पडलेला असायचो. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बँडची सगळी कुंडली त्यानेच काढली. लॉस एंजेलिसच्या बाजूला ग्लेंडेल, तिथली ही चार आर्मेनियन पोरं. गायक सर्ज टँकियन आणि ड्रमवाला जॉन डोलमायान बैरुतचे, बेसवाला शावो ओडाजियान आर्मेनियातल्या येरेवानचा, गिटारवाला डॅरन मलाकियान तेवढा अमेरिकेतच जन्मलेला. डोलमायान सोडून बाकी तिघं एकाच आर्मेनियन शाळेतले. आणि मला सगळ्यात आवडलेली माहिती अशी की हा टँकियन पूर्णवेळ गाण्यात पडायच्या आधी सोनारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायची कंपनी चालवायचा! मी तेव्हा नुकता सराफाकडे टॅलीवर बसायला लागलो होतो. "पाह्य, तुना धंदावाला शे," असं अहिराणीत म्हणून तो किती तरी दिवस मला चिडवत होता.

तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगायचो की ते आपल्यासारखेच आहेत, घरात एक बोली आणि बाहेर दुसरी. आज हे मी म्हणणार नाही. त्यांच्या आज्या-आजोबांच्या पिढीची माणसं 1915 पासून ऑटोमन तुर्कांच्या राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीत मारली गेली. आमच्या आजोबांना अहिराणीत बोलल्याबद्दल फार तर मास्तरांची छडी बसली असेल. ही बरोबरी विशीतल्या दोघांना शोभते. पण ती केली नसती तर आम्ही तो बँड इतका आपला मानला असता का, हेही मला ठाऊक नाही.

त्यांचं वर येणं झटपट नव्हतं. 1994 ला सुरुवात, मग कॅसेटवरचे डेमो, क्लबात वाजवणं. रिक रुबिन या संगीत निर्मात्याने त्यांना घेतलं आणि 1998 ला पहिला अल्बम आला. मग स्लेयरसारख्या मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं, म्हणजे दुसऱ्याचं नाव घेऊन बोंबलणाऱ्या गर्दीपुढे उभं राहायचं. पुढे 2001 चा सप्टेंबर आला. 3 तारखेला हॉलिवूडमध्ये फुकट कार्यक्रम ठेवला, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, कार्यक्रम रद्द झाला, पब्लिकने दंगा करून सामान फोडलं. 4 तारखेला त्यांचा दुसरा अल्बम 'टॉक्सिसिटी' बाजारात. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या आठवड्यात हा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरावर होता, आणि त्यातलं 'चॉप सुई' हे हजारावर रेडिओ केंद्रं असलेल्या एका कंपनीच्या 'सध्या वाजवू नये' यादीत. टँकियनने अमेरिकेच्या तेलाच्या राजकारणावर लेख लिहून साइटवर टाकला, तोही काढायला लागला. एखाद्या बँडचा सगळ्यात मोठा आठवडा असा जावा!

'चॉप सुई' म्हणजे तुम्ही विचारता तेच गाणं. त्याचं आधीचं नाव 'सुइसाइड' होतं, हे खरं आहे. मी लपवत नाही. पण मलाकियानने त्याचा अर्थ सांगितलाय: माणूस कसा मेला यावरून आपण त्याला तोलतो. नशेने मेला की लोक म्हणतात, बरं झालं, त्याच लायकीचा होता. गाणं त्या तोलण्याबद्दल आहे. हे मी तुम्हाला पूर्वी फार तावातावाने सांगायचो. पुढचं मात्र कधी सांगितलं नाही.

2007 चा हंगाम. शिक्षण अर्धवट टाकून तो शेतीवर परत गेला होता, कारण वडिलांच्याने होत नव्हतं. त्याने जीव दिल्यावर काही दिवसांनी चौकशीला सरकारी माणसं आली. मी ओट्यावरच होतो. शेतकऱ्याने जीव दिला की सरकार घरच्यांना एक लाख देतं, पण आधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, नापिकी हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. जमीन होती. नापिकी तर अख्ख्या शिवाराची होती. सोसायटीचं कर्ज त्यांनी आदल्या वर्षी भरून टाकलेलं. कशातून? बाजारातल्या एका माणसाकडून शेकडा पाचाने उसने घेऊन. महिन्याला शेकडा पाच. त्याचा ना कागद, ना परवाना.

साहेबांनी विचारलं, "देणं कोणाचं?" वडिलांनी त्या माणसाचं नाव घेतलं नाही. तो माणूस तिथेच, बसलेल्यांच्या मागे उभा होता. चहाचे कप त्यानेच फिरवले.

मग व्यसनाचा रकाना आला. दारू नाही, गुटखा नाही, पत्ते नाहीत. साहेबांचं पेन थांबलं. तेव्हा चुलते म्हणाले, "पोऱ्या रातभर ते इंग्रजी बोंबलनं आयके. डोकामां घुसी गयं व्हतं." खिडकीत सीडीचा गठ्ठा होता. साहेबांनी वरची उचलली, उलटीसुलटी केली, परत ठेवली. कागदावर काय लिहिलं ते मी मागे उभा राहून वाचलं: 'मयतास पाश्चात्य संगीताचा नाद होता.' अक्षर सुंदर होतं, अगदी दस्तलेखकासारखं.

मी बोललो. काय बोललो ते धड आठवत नाही, पण मलाकियानचं नाव घेतलं होतं हे आठवतं. ओट्यावर बसलेल्या माणसांपुढे मी कॅलिफोर्नियातल्या गिटारवाल्याची साक्ष काढत होतो, आणि शेकडा पाचाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते देणं मला माहीत होतं का? होतं. त्याची आई माझ्याकडे बघत होती, गप्प राहा अशा अर्थाने. त्या माणसाशी त्यांना त्याच गावात राहायचं होतं. ती बरोबर होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण हे लिहिताना हात थरथरतो, तो का?

प्रकरण अपात्र ठरलं. कारणात देणं सिद्ध होत नाही असं होतं, गाण्याचा उल्लेखही नव्हता. म्हणजे ते वाक्य कशालाच लागलं नाही. फक्त गावात उरलं, आणि तिथून तुमच्यापर्यंत आलं.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग. त्या शेवटच्या महिन्यांत तो तेच लावायचा. फोनवर मागे ऐकू यायचं. संथ होऊन शेवटाकडे जाणारा तो भाग आहे ना, क्रुसावरच्या येशूचे शब्द आहेत तो, तेवढाच परत परत. मी आधी सगळ्यांना ठणकावून सांगायचो की गाण्याचा काडीचा संबंध नाही, मीही तेच ऐकत होतो, मी आहे की जिवंत! हा पुरावा मला तेव्हा बिनतोड वाटायचा. आता वाटत नाही. माझ्या नावावर देणं नव्हतं, माझ्याकडे दर महिन्याचा पगार होता. त्याला त्या गाण्यात काय ऐकू येत होतं हे मला कळायला मार्ग नाही. बरं वाटत असेल. नसेलही. रेडिओवाल्यांनी यादी केली तेव्हा त्यांनाही अशाच कुणाची भीती वाटली असेल, असं म्हणून बघतो, आणि लगेच त्या सुंदर अक्षरातलं वाक्य आठवून डोकं फिरतं.

काहीजण दुसरंही विचारतात, की मग त्या बँडचं पुढे काय झालं. 2005 ला दोन अल्बम आले, दोन्ही तिकडे पहिल्या नंबरावर, आणि 2006 ला त्यांनी थांबायचं ठरवलं. गाणी कोणी लिहायची, वाटा कसा ठरवायचा यावरून गायक सर्ज आणि गिटारवाल्या डॅरनचं पटेना. भाऊबंदकी म्हणा. 2011 पासून कार्यक्रम करतात. 2015 च्या एप्रिलमध्ये, कत्तलीला शंभर वर्षं होत होती तेव्हा, येरेवानच्या चौकात फुकट वाजवलं. ते मी इथे रात्री कॉम्प्युटरवर थेट पाहिलं. 2020 ला आर्मेनिया-अझरबैजानमधल्या काराबाखच्या लढाईत दोन गाणी काढली, ती आर्मेनियासाठी. नवा अल्बम नाही. वीस वर्षं झाली. तो असता तर यावर आमचं भांडण झालं असतं. डॅरन बरोबर असं तो म्हणाला असता, हे नक्की, कारण तो नेहमी लिहिणाऱ्याच्या बाजूने असायचा.

आणि मी ते लावतो म्हणजे त्याची आठवण काढत बसतो, असंही समजू नका. अक्षय तृतीयेच्या आधी दुकानात स्टॉक जुळवायला रात्र होते, शटर अर्ध्यावर असतं, तेव्हा लावतो. चांगलं गाणं आहे. पुष्कळदा संपून जातं आणि तो मनात आलेलाही नसतो.