डावा गुडघा बदलला, उजवा नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी सगळी नोकरी उभ्यानं झाली. सुट्टी लागली की शेतात कापूस वेचायला, घरी चुलीपुढं उकिडवं. आता वय चौसष्ट आणि वर साखर. सेलू स्टेशनचा जिना चढताना दर पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागत. रात्री कुशीवर वळलं तरी डावा गुडघा जागं करायचा.

गावात ज्यांनी गुडघ्याच्या वाट्या बदलल्या होत्या ते म्हणत, लवकर ऑपरेशन करून घ्या. धाकटे दीर मात्र एक माहितीपत्रक घेऊन आले. ‘वहिनी, चिरफाड नको. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी काढतात, गुडघ्यात सोडतात, हाडांमधली गादी पुन्हा तयार होते.’ एका मोठ्या शहरातल्या केंद्राचं होतं ते. मी फोन केला. पलीकडच्या मुलीनं दर सांगितला, दोन्ही गुडघे एकदम केले तर सूट सांगितली, तारीखही दिली. एक्स-रे कुणी मागितला नाही. माझा गुडघा न बघताच इलाज ठरला होता, हे मला खटकलं.

मग छत्रपती संभाजीनगरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा उभं करून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढला. आधीचे सगळे झोपवून काढलेले. त्यात हाडांमधली फट दिसत होती. अंगाचा भार पडल्यावर डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला फटच उरली नाही, हाड हाडावर टेकलेलं. झिजेचे चार टप्पे असतात, केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 साली मांडलेले. डावा चौथ्यात, उजवा दुसऱ्यात. एकाच बाईचे दोन गुडघे, आणि दोघांची अवस्था इतकी वेगळी! तोवर आम्ही सगळे ‘गुडघ्यांचं काय करायचं’ असंच बोलत होतो.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. पीआरपीचं विचारलं. आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवतात, प्लेटलेटचा भाग वेगळा करून गुडघ्यात टोचतात. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, सुरुवातीच्या झिजेत काहींना काही महिने बरं वाटतं. पण गादी उगवते असं मी तुम्हाला सांगणार नाही.’ 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. सौम्य ते मध्यम झिजेच्या 288 जणांपैकी निम्म्यांना पीआरपी दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभरानं दोन्हीकडे वेदना जवळपास सारख्याच कमी झालेल्या, आणि गादीच्या झिजेतही फरक नाही. स्टेम सेलचं तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी वापर नोंदणी झालेल्या चाचणीतच व्हायला हवा. आणि चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. दिरांना हे सांगितलं तेव्हा तेही गप्प झाले. त्यांनी पत्रक आणलं ते काळजीपोटीच.

ऑपरेशनची बाजूही मी तितकीच खोदून विचारली. सगळा सांधा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं तासून वर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा. पूर्ण बदललेल्या शंभर सांध्यांपैकी साधारण ब्याऐंशी पंचवीस वर्षं टिकतात, असा 2019 चा अभ्यास आहे. शंभरातल्या एखाद्याला जंतुसंसर्ग होतो, आणि दहा-वीस जणांचं दुखणं किंवा असमाधान उरतंच. हे शेवटचं वाक्य कुणी सहसा सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माझा विश्वास बसला. अर्धा गुडघा बदलता येईल का, तेही विचारलं. पण पाय बराच बाहेर वाकला होता आणि वाटीखालीही झीज होती, म्हणून ते जमणार नव्हतं.

पैशाचं ह्यांनी बघितलं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारनं ऑगस्ट 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून अंदाजपत्रकात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागितली आणि त्याचे स्टिकर फाइलला लावून घेतले.

खरी मेहनत ऑपरेशनच्या आधीच सुरू झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख मिळाली नाही. किडलेली दाढ काढली, कारण तोंडातले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यात जाऊ शकतात. मांडीचे व्यायाम तेव्हाच शिकवले.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. सुरुवातीचे आठवडे मात्र कठीण गेले, हे लपवणार नाही. गुडघा वाकवायचा व्यायाम करताना डोळ्यांत पाणी यायचं. फिजिओथेरपीची मुलगी म्हणायची, ‘काकू, आत्ता नाही वाकवला तर पुढे ताठच राहील.’ सून घड्याळ लावून करून घ्यायची. रात्रीचं ते जुनं दुखणं गेलं. जखमेच्या बाहेरच्या बाजूला थोडी जागा बधिर आहे, चालताना कधी टक्‌ असा आवाज येतो. मांडी घालून जेवायला बसता येत नाही, घरात कमोड बसवावा लागला. पंगतीत खुर्ची मागायची सवय केली.

उजव्या गुडघ्यात मी काहीच टोचून घेतलं नाही. दुसऱ्या टप्प्यावर मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं, एवढंच करते आहे. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, हे कळल्यापासून सकाळचं चालणं आणि रात्रीची एकच भाकरी, दोन्ही पाळते. जिना आता एका पायरीवर एक पाय असा चढते, उतरताना कठडा धरते. उजव्याचा उभा एक्स-रे पुढच्या वर्षी काढायचा आहे. तोही चौथ्या टप्प्याला गेला आणि झोप मोडू लागला, तर तोही बदलून घेईन. तोवर घाई नाही.