आमची वाटचाल : जुने टीव्ही गेम, आजचे टीव्ही

नागपुरातील महाल भागात वडिलांनी टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचे दुकान सुरू केले. आज त्याच जागेत आम्ही जुने व्हिडिओ गेम कन्सोल विकत घेतो, दुरुस्त करतो, आजच्या टीव्हीला जोडता यावेत म्हणून त्यांत आवश्यक ते फेरफार करतो आणि विकतो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही घराघरांतून निघू लागले तेव्हा दुरुस्तीचे काम आटत गेले, पण त्याच टीव्हींबरोबर माळ्यावरून उतरवलेली खेळांची यंत्रेही दुकानात येऊ लागली. काही जण ती कबाड म्हणून ठेवून जात, काही मात्र थांबून विचारत, "हे पुन्हा सुरू होईल का? मुलांना दाखवायचे आहे." या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांमुळे आमचा आजचा व्यवसाय उभा राहिला.

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डो या जपानी कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल विक्रीस आणला आणि पुढे तोच एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) या नावाने, वेगळ्या पेटीतून, अमेरिकेत आणि युरोपात गेला. भारतात समुराई या नावाने निन्टेन्डोचे यंत्र विकले गेले खरे, परंतु विदर्भातील मध्यमवर्गीय घरांत जे पोहोचले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकलेतून तयार झालेले यंत्र होते. लोक त्याला नुसते 'टीव्ही गेम' म्हणत. उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडे पैसे भरून दुकानातून खेळाची कॅसेट बदलून आणायची, हा नव्वदच्या दशकातल्या मुलांचा ठरलेला क्रम होता. या कॅसेटींना ६० पिना असतात, मूळ फॅमिकॉमलाही तेवढ्याच. एनईएसच्या कॅसेटला ७२. त्यामुळे अमरावतीच्या एखाद्या घरातून आलेली पिवळी कॅसेट जपानी फॅमिकॉममध्ये सरळ बसते आणि चालते, पण एनईएसमध्ये मधला जोड लावल्याशिवाय बसत नाही. ग्राहकाने कॅसेटींचा डबा आणला, की आम्ही आधी पिना मोजतो आणि मगच कोणते यंत्र घ्यावे ते सांगतो.

जुनी यंत्रे जमवणाऱ्यांमध्ये या नकलांना फारशी प्रतिष्ठा नाही. मूळ जपानी किंवा अमेरिकी यंत्र तेवढे खरे, बाकी सगळे टाकाऊ, अशी समजूत आहे. ती आम्हाला मान्य नाही, आणि आमच्या कामाची दिशा इतरांपेक्षा निराळी आहे ती मुख्यतः याच कारणाने. आमच्या पिढीने जे यंत्र खेळले ते हेच. ते जपले नाही, तर या भागातील खेळांचा इतिहास दुसऱ्यांच्या आठवणींतून सांगावा लागेल.

याला एक ठोस तांत्रिक कारणही आहे. मूळ फॅमिकॉमच्या चिपमध्ये चौकोनी लहरींचा आवाज काढणारे दोन मार्ग असतात आणि प्रत्येक आवर्तनात लहर किती काळ उंच राहील हे १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के असे ठरवता येते. तैवानच्या यूएमसी कंपनीची यूए६५२७पी ही चिप अनेक नकलांमध्ये सापडते. तिच्यात यांपैकी २५ आणि ५० टक्क्यांची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे तीच धून, तेच सूर, पण आवाजाचा पोत वेगळा: जिथे मूळ यंत्र धारदार वाजते तिथे नक्कल भरीव वाजते, आणि जिथे मूळ भरीव तिथे नक्कल धारदार. शिवाय आपल्याकडचे टीव्ही ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीचे असल्यामुळे या यंत्रांत खेळ सेकंदाला साठाऐवजी पन्नास चित्रांच्या गतीने चाले, म्हणजे जपानी यंत्राच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ. ज्यांचे बालपण नकलेवर गेले त्यांना मूळ फॅमिकॉम ऐकवला, की ते म्हणतात, हा फार पळतो आणि याचे संगीत चुकले आहे. त्यांचा कान चुकत नाही. त्यांनी ऐकले ते खरोखरच वेगळे होते. म्हणून मागणी आली की आम्ही प्रथम विचारतो, घरी कोणते यंत्र होते, टीव्हीला कसे जोडत असत. दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी चालवून दाखवतो आणि निवड ग्राहकावर सोडतो. अनेकदा महागडे जपानी यंत्र घ्यायला आलेले गृहस्थ स्वस्तातली नक्कल घेऊन समाधानाने जातात. नफा कमी होतो, पण ज्याला जे हवे ते त्याला मिळते.

सर्वच नकला मात्र दुरुस्त होत नाहीत. यंत्र उघडल्यावर बोर्डावर चाळीस पायांच्या दोन चिपा वेगवेगळ्या दिसल्या, तर ते आम्ही आनंदाने घेतो, कारण एक चिप गेली तरी दुसऱ्या निकामी यंत्रातून काढून बसवता येते. नंतरच्या स्वस्त यंत्रांत सगळे काम एकाच चिपमध्ये कोंबून तिच्यावर काळा राळेचा गोळा ओतलेला असतो. तो गोळा बिघडला, की उरते ती फक्त पेटी आणि रिमोट. अशा यंत्रांचे सुटे भाग आम्ही जपून ठेवतो.

नागपूरच्या हवेचा या यंत्रांवर काय परिणाम होतो, हा विषय आम्ही कामातूनच शिकलो. मुंबई आणि कोकणाकडून आलेल्या यंत्रांत गंज अधिक असतो, पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. विदर्भातल्या यंत्रांत गंज कमी आणि धूळ फार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे, आत द्रव असलेले छोटे डबे) वाळलेले. तापमान दर दहा अंशांनी वाढले, की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ठोकताळा आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या शहरात, पत्र्याखालच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राकडून वेगळी अपेक्षा कशी करणार? यंत्र चालू अवस्थेत आले तरी आम्ही हे कपॅसिटर बदलतो. कूलरच्या शेजारी ठेवलेली यंत्रे हा वेगळाच प्रकार आहे. त्यांत धूळ आणि ओल एकत्र बसून बोर्डावर चिखलासारखा थर धरते, आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश वापरून सावकाश काढावा लागतो.

फेरफार करण्याबाबत आमचा एकच नियम आहे: केलेला बदल उद्या कुणालाही उलटवता आला पाहिजे. एनईएसमध्ये परवानगी नसलेली कॅसेट ओळखून यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट करणारी एक कुलूप-चिप असते. जुन्या यंत्राचा दिवा लुकलुकत राहतो त्यामागे बहुधा मळलेल्या पिनांमुळे हीच चिप गोंधळलेली असते. तिचा चौथा पाय बोर्डापासून सोडवून बोर्डावरच्या ग्राउंडला जोडला, की ती गप्प बसते. बरेच कारागीर तो पाय कापून टाकतात. आम्ही सोल्डरिंगचा डाग सोडवून तो अलगद वर उचलतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाय पुन्हा जागेवर बसवून डाग दिला, की यंत्र पूर्ववत होते.

मूळ फॅमिकॉममध्ये फक्त आरएफ, म्हणजे अँटेनाच्या तारेतून चित्र बाहेर येण्याची सोय आहे. आजच्या टीव्हीवर त्यातून आलेले चित्र बहुधा खरखरीत दिसते किंवा दिसतच नाही. चित्राच्या चिपच्या एकविसाव्या पायावर शुद्ध संकेत मिळतो. तो एका ट्रान्झिस्टरच्या आणि मोजक्या रोधांच्या छोट्या मंडलातून नेला, की लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांपैकी पिवळीवर नीट चित्र मिळते. हे मंडल आम्ही वेगळ्या छोट्या बोर्डावर बांधतो आणि पेटीला आधीच असलेल्या फटीतून तार बाहेर काढतो, त्यामुळे प्लास्टिकला भोक पाडावे लागत नाही.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलमध्ये ५० व ६० हर्ट्झ आणि भाषा बदलण्यासाठी बोर्डावर जोडण्या दिलेल्या असतात. त्यासाठी पेटीवर स्विच बसवण्याची जुनी रीत आहे. आम्ही त्याऐवजी छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आज्ञावली भरलेली चिप, बसवतो. रीसेटचे बटन दाबून धरले, की तो पद्धत बदलतो आणि बाहेरून यंत्र होते तसेच दिसते. गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्राला नवा उजळ पडदा बसवायचा असेल तर मूळ पेटी कापण्याऐवजी नवी पेटी घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. जुनी पेटी आणि जुना पडदा पिशवीत घालून यंत्रासोबतच देतो.

पिवळ्या पडलेल्या पेट्या पांढऱ्या करण्याची मागणी फार असते. एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये आणि अतिनील किरण यांमुळे ती पिवळी पडतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व ऊन यांनी पिवळेपणा उतरवता येतो. बाहेरगावचे लोक म्हणतात, नागपूरला उन्हाची काय कमी! पण हे काम आम्ही उन्हाळ्यात करतच नाही. मे महिन्यातल्या उन्हात द्रावण झपाट्याने तापते, पेरॉक्साइड लवकर संपते आणि प्लास्टिकवर ढगांसारखे चट्टे उठतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे स्वच्छ, सौम्य ऊन यासाठी सर्वांत चांगले, म्हणून वर्षभर जमलेल्या पेट्या हिवाळ्यात गच्चीवर मांडतो. पिवळेपणा पुढे पुन्हा येऊ शकतो, हे ग्राहकाला आधीच लेखी कळवतो.

खरेदी आम्ही देशांतर्गतच करतो. जुना माल व्यापारासाठी परदेशातून आणण्यावर परकीय व्यापार धोरणाचे निर्बंध आहेत आणि त्या भानगडीत न पडण्याचे आम्ही सुरुवातीलाच ठरवले. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया इथल्या घरांतून, जुन्या गेम पार्लरच्या मालकांकडून आणि कबाड्यांकडून माल मिळतो. नातेवाइकांनी कधीकाळी जपानहून आणलेली यंत्रेही येतात. त्यांत सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचे यंत्र असेल तर विशेष दक्षता घ्यावी लागते, कारण जपानी प्लेस्टेशनचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच असतो आणि तो १०० व्होल्टसाठी बनवलेला आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते सरळ लावले, तर तो भाग जळतो. अशी यंत्रे आम्ही योग्य ट्रान्सफॉर्मरसहच विकतो.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही मात्र आम्ही अजूनही ठेवतो आणि दुरुस्त करतो. बदके मारायच्या खेळातले पिस्तूल एलसीडी किंवा एलईडी टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलातला संवेदक ट्यूबवर ओळीओळीने उमटणारा प्रकाश त्याच क्षणी शोधतो. नव्या पडद्यावर चित्र उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटते. ज्याला पिस्तूल हवे त्याने जागा काढून चौदा इंची ट्यूबचा टीव्हीही घ्यावा, असा आमचा प्रामाणिक सल्ला असतो. वडिलांच्या हाताखाली शिकलेले टीव्हीचे काम इथे रोज उपयोगी पडते.

प्रत्येक यंत्रासोबत आम्ही एक कागद देतो. त्यावर यंत्र मूळ आहे की नक्कल, कोणते भाग बदलले, कोणता बदल कसा उलटवता येईल आणि कोणता दोष राहिला आहे, हे सर्व लिहिलेले असते. जुन्या यंत्रासोबत आलेल्या कॅसेटी आम्ही आल्या तशा देतो. नव्याने खेळ भरून देण्याच्या मागण्या स्वीकारत नाही. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा लाभ आम्हाला कुरियरमध्ये होतो; दक्षिणेला असो की उत्तरेला, पार्सल साधारण सारख्याच वेळात पोहोचते.

ज्यांच्या घरी असे यंत्र पडून आहे त्यांना एक विनंती आहे. ते चालते का हे पाहण्यासाठी हाताशी आलेला कोणताही अडॅप्टर लावू नका. फॅमिकॉमला १० व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेला डीसी अडॅप्टर लागतो, एनईएसला ९ व्होल्टचा एसी, आणि नकलांमध्ये तर पिनेची दिशा यंत्रागणिक बदलते. चुकीचा अडॅप्टर लावल्याने आतला रेग्युलेटर किंवा चिप गेलेली यंत्रे आमच्याकडे नेहमी येतात. यंत्र जसे आहे तसे, धुळीसकट, कॅसेटी आणि तुटलेल्या रिमोटसकट घेऊन या. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही, आणि विकायचे नसेल तर फक्त स्वच्छ करून, योग्य अडॅप्टर सुचवून परत देतो.