फोटो तोच, वजन सातपट

एप्रिल आला की देवगडात माझ्या डीटीपीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ज्याला त्याला आंब्याच्या पेटीचं लेबल हवं असतं, तेही कालच. परवा आमच्या वाडीतले एक बागायतदार काका पेनड्राईव्ह घेऊन आले. त्यात त्यांच्या बागेचा मोबाईलवर काढलेला फोटो. मागे जांभ्या दगडाचा गडगा (कुंपणाची भिंत), पुढे लगडलेलं कलम, वर स्वच्छ आभाळ. छापखान्यातून त्यांना निरोप होता, ‘पीएनजी पाठवा.’ पीएनजी आणि जेपीजी म्हणजे फोटो साठवायच्या दोन पद्धती.

मी उघडला, ‘सेव्ह ॲज’ केलं. 3.1 एमबीचा जेपीजी 22 एमबीचा पीएनजी झाला. काका खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले होते. म्हणाले, “फोटो तोच मां? मगे वजन कित्याक वाढला?”

सांगायला बसलो खरा, पण पुढे तीन गिऱ्हाइकं. म्हणून ते आता इथे लिहितोय.

तो फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे 1.2 कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर सरळ 36 एमबी. जेपीजी तो 3 एमबीत बसवतो, कारण तो हातचलाखी करतो. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळतो, रंग तर उजेडापेक्षाही ढोबळ ठेवतो. गेलं ते गेलं. पीएनजीला ही मुभा नाही. त्याच्या हाती जो ठिपका येईल तो जसाच्या तसा परत मिळाला पाहिजे. म्हणून तो शेजारच्या ठिपक्यावरून पुढच्याचा अंदाज बांधतो, चुकलेला फरक तेवढा लिहितो आणि मग झिपसारखं आवळतो.

आभाळात हा अंदाज छान जमतो, निळ्याशेजारी निळंच. पण जांभ्याचा दगड! भोकं, गंजकट तांबडा, काळपट शेवाळ, दोन ठिपके सारखे नाहीत. मी काकांसमोर दोन तुकडे कापून सेव्ह केले, एक आभाळाचा, एक गडग्याचा, मापाने अगदी सारखे. गडग्याचा जवळजवळ चौपट भरला. काका त्यावर फक्त “हां” म्हणाले, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं.

आणि वाढलेल्या वजनात नवं काहीच नसतं. सुकलेली कोकमाची सोलं पाण्यात टाकली की फुगतात, म्हणून त्यांचा परत रातांबा, म्हणजे अख्खं फळ, होत नाही. तसंच.

उलटा प्रकार मी स्वतः करून बसलोय. मागच्या हंगामात एक लेबल होतं, सपाट पिवळा, हिरवा आणि जाड अक्षरं. कोरलमधून (डिझाइनचं सॉफ्टवेअर) पीएनजी काढला तर 96 केबी. कुणीतरी जेपीजी मागितला, दिला: 310 केबी. मूळ फाईल नंतर सापडेना, म्हणून त्या जेपीजीचाच पुन्हा पीएनजी केला, तर 740! आठशे टक्के झूम करून बघितलं. ‘हापूस’मधल्या ‘पू’च्या उकाराभोवती पिवळ्यात मळकट ठिपक्यांची रांग, चिलटं बसल्यासारखी. कडक कडा जेपीजीला झेपत नाहीत, त्या सांडतात, आणि पीएनजीने तो सांडलेला मळही इमानदारीने जपला होता. तेव्हापासून मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवतो.

आयफोनवाले पाहुणे आले की आणखी एक तऱ्हा. 2017 पासून त्यात फोटो हेइकमध्ये साठतात. ती पद्धत जेपीजीपेक्षा नवी आणि हुशार (जेपीजी 1992 चा!), त्यामुळे जेपीजी केला की फाईल दुपटीच्या आसपास जाते. आणि जेपीजीचा जेपीजीच, पण क्वालिटी 100 वर ओढून सेव्ह केला, तरी फुगतो. ते 100 बघून लोकांना उगाच बरं वाटतं.

शेवटी मी छापखान्यात फोन लावला, की बाबा पीएनजी कशाला हवा? तर त्याला फोटो नकोच होता पीएनजीत. काकांच्या लोगोमागचा पांढरा चौकोन काढून हवा होता. जेपीजीत पारदर्शक भाग ठेवता येत नाही, एवढंच. लोगो तेवढा कोरलमधून पीएनजी करून पाठवला, 40 केबी. फोटो होता तसाच जेपीजी.

काका पेनड्राईव्ह खिशात टाकत म्हणाले, “मगे ह्या आधी सांगूक काय झाला होता?”