एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तीन तुटके बोल्ट

सकाळी थंड इंजिन सुरू केले की बॉनेटखालून टक्‌टक् असा आवाज येई आणि दहा-एक मिनिटांत इंजिन गरम झाले की तो आपोआप नाहीसा होई, त्यामुळे बरेच दिवस मी तो टॅपेटचाच (झडपा उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजत होतो. टॅपेटची फट तपासली तर ती बरोबर निघाली. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे इंजिनभोवती फिरवले, तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टपाशी, म्हणजे जळलेला वायू बाहेर पडण्याच्या तोंडाशी, हाच आवाज फटफटीसारखा मोठा झाला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डवरचा (सगळ्या सिलिंडरांचा जळलेला वायू गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावरचा) संरक्षक पत्रा काढला आणि मॅनिफोल्ड व हेड (सिलिंडरांवरचे झाकण) यांच्या सांध्यातून पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसली. तिथल्या बोल्टला डोकेच नव्हते. दुसऱ्या टोकाच्या बोल्टचे डोके जागेवर दिसत होते खरे, पण बोटाने चाचपताच ते हातात आले.

दोन्ही तुटके बोल्ट मॅनिफोल्डच्या दोन टोकांना असावेत, हा योगायोग नाही. माझ्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि मॅनिफोल्ड बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते हे खरे असले तरी हेडमधून पाणी खेळत असल्याने ते शंभर अंशांच्या आसपासच राहते, तर मॅनिफोल्ड सहज पाच-सहाशे अंशांपर्यंत जातो. सुमारे ४०० मिलीमीटर लांबीच्या मॅनिफोल्डचा हिशेब केला, तर तो अडीच मिलीमीटर वाढतो आणि त्याच्या पाठीमागचे हेड मिलीमीटरभरही वाढत नाही. मधल्या बोल्टांना याचा फारसा त्रास होत नाही. टोकाचे बोल्ट मात्र इंजिन तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेरीत आडवे रेटले जातात आणि असे हजारो वेळा झाल्यावर डोक्याखाली चीर पडून तुटतात. गरम झाल्यावर आवाज थांबत होता तोही याच कारणाने, कारण फुगलेला मॅनिफोल्ड ती फट तात्पुरती बुजवत होता.

अशी गळती केवळ आवाजापुरती असते असे समजून गाडी तशीच चालवत राहणे मला पटत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि बॉनेटखाली सुटलेला वायू हवेच्या झडपांतून थेट बसण्याच्या जागेत येऊ शकतो. शिवाय बाहेर पडणाऱ्या वायूच्या दोन स्पंदनांच्या मधल्या क्षणी त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला त्यामुळे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो आणि कंट्रोल युनिट उगाचच जादा पेट्रोल सोडू लागते.

बॅटरीची ऋण तार काढून मी कामाला लागलो. उरलेल्या सहा बोल्टांवर आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी गंज सोडवणारे तेल मारले होते. सॉकेट बारा कोनांचे न घेता सहा कोनांचेच घेतले, कारण गंजाने झिजलेल्या डोक्यावर बारा कोनी सॉकेट घसरते आणि उरलेसुरले कोपरेही गुळगुळीत करून टाकते. प्रत्येक बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग सैल करायचा, पुन्हा थोडा आवळायचा, असे पुढेमागे करत पाच बोल्ट सुखरूप बाहेर आले. सहावा मी तोडला. बोल्ट सुटतो तेव्हा कट्‌ असा कोरडा आवाज येऊन पाना एकदम हलका होतो. हा बोल्ट मात्र आवाज न करता रबरासारखा वळत होता आणि ते हाताला स्पष्ट जाणवत असतानाही, पाच निघाले तसा हाही निघेल म्हणून मी अजून पाव वळसा दिला. तिथे थांबून गॅसच्या बर्नरने आजूबाजूचा भाग तापवला असता आणि पुन्हा तेल मारून तासभर चहा पीत बसलो असतो, तर पुढचे निम्मे काम वाचले असते. (तापवण्याआधी तिथे ब्रेक क्लीनर मारू नये. क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो.)

मॅनिफोल्ड उतरवल्यावर तीन तुकडे तीन तऱ्हांचे निघाले. पहिला हेडबाहेर बोटाच्या पेराएवढा आला होता. त्याला तापवून मुळाशी मेणबत्तीचे मेण टेकवले, मेण वितळून आट्यांत ओढले गेले आणि व्हाइस ग्रिपने धरताच तो कुरकुरत फिरला.

दुसरा हेडच्या पृष्ठभागाशी अगदी समतल तुटला होता. त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग केले. ही युक्ती ॲल्युमिनियमच्या हेडवर विशेष चालते, कारण पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि ठिणगी थोडी इकडेतिकडे गेली तरी आटे बहुधा वाचतात. नटाला पकड मिळते हा फायदा तर आहेच, पण खरे काम उष्णता करते. लालबुंद बोल्ट फुगू पाहतो, भोवतालचा थंड धातू त्याला दाबून धरतो आणि निवताना तो आकसला की गंजाची पकड तुटते. माझा पहिला नट वेल्डसकट उखडून आला, दुसराही आला. तिसऱ्या वेळी वेल्डिंग केल्यावर लाली जाईपर्यंत हात लावला नाही, मग पाना लावला. बोल्ट केसभर हलला, थांबला, पुन्हा हलला आणि आट्यांतून तपकिरी भुकटी सांडत बाहेर आला.

तिसरा, म्हणजे मी स्वतः तोडलेला, आत खोल गेला होता आणि तिथे वेल्डिंगची नळी पोहोचत नव्हती. त्याचे वेडेवाकडे तोंड छोट्या ग्राइंडरने सपाट करून बरोबर मध्यावर पंचाने खूण केली. ही खूण अर्धा मिलीमीटर चुकली तरी पोलादापेक्षा मऊ असलेल्या ॲल्युमिनियमकडे ड्रिल आपसूक सरकते. आधी ३ मिलीमीटरचे भोक पाडले, मग डावीकडे फिरून कापणारा ५ मिलीमीटरचा ड्रिल बिट लावला, आणि अर्ध्या वाटेवर त्यानेच तुकडा पकडून उलटा फिरवत बाहेर आणला. ईझी-आउट (तुटका बोल्ट काढण्याचा उलट्या आट्यांचा दांडा) मी पेटीतून काढलाच नाही. तो अतिशय कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्यावर नुसते घसरते, आणि मग मूळ बोल्टची अडचण बरी होती असे वाटू लागते. काही इंजिनांत ही भोके पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेडमधल्या पाणी खेळणाऱ्या पोकळीपर्यंत) जातात, हेही ड्रिल हाती घेण्यापूर्वी पुस्तिकेत पाहून घ्यावे. त्या भोकातले आटे थोडे खराब झाले होते, म्हणून तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) बसवले. उरलेल्या भोकांतून मी कापणारा टॅप न फिरवता आटे साफ करणारा चेसर फिरवला, कारण टॅप गंजाबरोबर चांगला धातूही खरवडून काढतो.

एवढे झाल्यावर नवे बोल्ट लावून मोकळे होण्याचा मोह झाला होता. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) सरकवला तेव्हा चौथ्या पोर्टपाशी ०.६ मिलीमीटरची पाती आरामात आत गेली. वाकलेला मॅनिफोल्ड बोल्टांच्या जोरावर सरळ करू गेले की नवा बोल्ट पहिल्या दिवसापासूनच ताणाखाली राहतो आणि तोच पुन्हा तुटतो. मशीन शॉपमधून तोंड सपाट करून घेतले. टोकाची भोके मुळात बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असतात, ती मॅनिफोल्डला सरकायला वाव मिळावा म्हणून. त्यांत साचलेला गंज गोल कानशीने साफ केला.

बोल्टांऐवजी मी स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे दांडे) आणि नट वापरले. स्टड हेडमध्ये हातानेच बसवले, म्हणजे पुढच्या वेळी जोर लागेल तो नटावर, हेडच्या आट्यांवर नाही. पोलादी थरांचे नवे गॅस्केट (सांध्यातली फट बुजवणारा थर) लावले आणि नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जात तीन टप्प्यांत आवळले. माझ्या पुस्तिकेत शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) २५ न्यूटन-मीटर दिला आहे आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे. आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावले असल्याने घर्षण कमी होते आणि तेवढ्याच टॉर्कवर ताण जास्त बसतो, म्हणून मी २१ वर थांबलो.

तीन दिवस गाडी चालवून, प्रत्येक वेळी पूर्ण निवू दिल्यावर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा टॉर्क रेंच लावला. सात नट जागचे हलले नाहीत. हेलिकॉइलवरचा आठवा दहा-एक अंश फिरून थांबला. पुढच्या आठवड्यात तो आणखी एकदा तपासला, तेव्हा तोही हलला नाही.