काळ्या मातीच्या काठावर
आज काटोलहून नागपूरमार्गे भंडाऱ्याला जाताना पराटीची, म्हणजे कापसाची, शेते कोठे मागे पडतात आणि धानाच्या बांध्या कोठे सुरू होतात, हे मी मुद्दाम न्याहाळले. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसापासून झालेला काळा खडक, नागपूरच्या आसपासच संपतो. पश्चिमेला त्याच्या झिजेतून झालेली काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे कोरडवाहू कापूस तगतो, तर पूर्वेला त्याहून प्राचीन स्फटिकी खडक, अधिकचा पाऊस आणि मालगुजारी तलाव (पूर्वीच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव) यांच्या आधाराने धान पिकतो. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना मिळणारा कापूस तुटला, तेव्हा इंग्रजांची नजर या काळ्या मातीवर अधिकच खिळली. १८६७ मध्ये नागपुरात रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसाने इतकी संपत्ती उभी केली, पण तो पिकवणारा आजही पावसाच्या एका खंडाने कोलमडतो, याचे मला फार दुःख होते.