आमची वाटचाल : पुरात भिजलेली व्हीलं

वडिलांनी कोल्हापुरातल्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात दोन हँड ग्राइंडरवर काम सुरू केलं. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, फेटलिंग (साफसफाई) करायचं, रायझरची (ओतताना राहिलेल्या जादा धातूच्या खुंटांची) मुळं घासायची, फ्लॅश (सांध्यावर आलेला पातळ जादा धातू) काढायचा. पुढे मी शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, माणसं बारा झाली. कर्ज, थकलेली बिलं सगळ्यांचीच असतात, ती सांगत बसत नाही.

सांगायचं आहे ते २०१९ च्या ऑगस्टचं. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं, तिथंच आमचं गोडाऊन. महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर ग्राइंडिंग व्हीलचे, म्हणजे ग्राइंडरला लावायच्या घासायच्या चकत्यांचे, खोके चिखलातून काढले, व्हीलं पुसून उन्हात वाळवली. दिसायला चांगली होती, टाकायला जीव होईना. वापरायची, हे मीच ठरवलं.

ही व्हीलं रेझिननं, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थानं, बांधलेली असतात; असं व्हील ओल धरलं की आतून कमजोर होतं. वाळलं तरी त्याचा भरवसा धरायचा नसतो. आणि चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे व्हीलची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते.

तिसऱ्या दिवशी एक फुटलं. व्हीलवरचा गार्ड, म्हणजे तुकडे अडवणारं लोखंडी झाकण, काढलेला होता. आमच्या सगळ्यात जुन्या कारागिराच्या, मामांच्या, डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली, हातमोज्यासकट. स्विच चालूवरच लॉक केलेला असल्यानं ग्राइंडर फरशीवर तसाच फिरत होता. रक्तानं भिजलेला टॉवेल हाताला गुंडाळून मामा म्हणाले, "मालक, आधी ते बंद करा. पोरांच्या पायावर येईल."

उपचाराचा खर्च आणि घरी बसलेल्या महिन्यांचा पगार आम्ही दिला. बोटं देता आली नाहीत.

गार्ड काढला म्हणून मी पूर्वी नुसता ओरडायचो. मामांनी परत आल्यावर समजावलं, "गार्ड असला की कोपऱ्यातलं निघत नाही ओ." खरंच होतं. कोपऱ्यांसाठी बारीक तोंडाचे पेन्सिल ग्राइंडर घेतले, तेव्हापासून गार्ड कुणी काढत नाही. हात सुटला की बंद होणारीच मशीन आता घेतो. महाग पडतात, पण यात घासाघीस नाही.

व्हीलच्या मधल्या लोखंडी रिंगवर मुदतीचा महिना आणि वर्ष असतं. स्टोअर आता मामांकडे आहे. रिंग दारातल्या उजेडात धरून ते तारीख मोठ्यानं वाचतात, मगच व्हील पोरांच्या हातात देतात.