गाडीवर पडलेली उंबरं

आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक उंबर आहे. त्याच्याखालच्या जागेत गाडी लावायला कोणी राजी नसतं. उंबरं पिकली की टपावर पडून फुटतात, रात्री वटवाघळांची कृपा होते ती वेगळीच, आणि सकाळी गाडी धुणारा जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं. आंबा-फणस कसे एका हंगामात उरकून घेतात. उंबर वर्षातून पुन्हापुन्हा फळतो, त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'झाड छाटा' हा विषयही पुन्हापुन्हा फळतो.

एकदा हा वाद ऐन भरात असताना भाची विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. अन्नसाखळीची आकृती काढायची होती. आपणही काढली होती तीच: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मध्ये बाण. खालच्या पायरीवरच्या ऊर्जेपैकी जेमतेम दहा टक्के वरच्या पायरीवर पोचते, हेही पाठ. त्यात चूक काहीच नाही. पण मी म्हटलं, घारीपर्यंत जायला नको, खिडकीतून दिसणाऱ्या उंबराची आकृती काढ. तिने उत्साहाने पेन्सिल घेतली, उंबर काढला, आणि पहिल्याच बाणाला अडली. कारण उंबर खाणारा पहिला जीव उंबराच्या आतच राहतो.

उंबर फोडून खाल्लाय त्या प्रत्येकाला तो जीव माहीत आहे. फोडायचं, फुंकर मारायची, चिलटं उडाली की तोंडात टाकायचं. ती चिलटं म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या इवल्याशा माश्या. आणि आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आत वळलेल्या फुलांची परडी आहे. हजारोंनी फुलं, सगळी आतल्या अंगाला. उंबराचं फूल कोणी पाहिलेलं नसतं ते यामुळे. पाहायचं तर देठाच्या विरुद्ध टोकाच्या बारीक भोकातून आत शिरावं लागतं, आणि ते या माशीची मादी करते. भोक इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. ती परत येणार नसतेच. आत ती काही फुलांत अंडी घालते, दुसऱ्या उंबरावरून आणलेले परागकण फुलांवर लावते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, उरलेल्यांत बिया धरतात. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात, म्हणजे फुलातून बाहेर, उंबरातून नव्हे. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी संग करतात, त्यांच्यासाठी भिंत कुरतडून वाट करतात आणि बहुतेक तिथेच संपतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात.

पुस्तकात याला सहजीवन म्हणतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'दोघांचाही फायदा होतो'. होतो खरा. पण त्या वाक्यात हिशेबाचा कडकपणा काही येत नाही. उंबराला बिया हव्यात तर काही फुलं माशीच्या पोरांच्या तोंडी द्यावी लागतात. माशीने सगळ्याच फुलांत अंडी घातली तर झाड बुडतं, आणि अजिबात घातली नाहीत तर पुढच्या वेळी पराग आणणारं कोणी उरत नाही. शिवाय या घरात फुकटे भाडेकरूही असतात. काही दुसऱ्या जातींच्या माश्या आत शिरायच्या भानगडीत पडत नाहीत, बाहेरूनच लांब सुईसारखा अवयव उंबराच्या सालीतून खुपसून आपली अंडी सोडतात. त्यातल्या एका जातीच्या सुईच्या टोकाशी जस्त असतं, त्याने टोक कठीण होतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. आमच्याकडचा ड्रिल करणारा कॉंक्रीट पाहून बिट बदलतो, तो बिचारा उगाच स्वतःला कारागीर समजतो.

भाचीच्या वहीत एव्हाना बाणांचा गुंता झाला होता. मग वरची मंडळी आली. तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, हळद्या, आणि नशीब असेल तर राखी धनेश. हे फळ खातात आणि बी दूर कुठेतरी टाकतात; भिंतीच्या फटीत, गच्चीच्या पन्हाळीत उगवणारी उंबराची रोपं त्यांचीच देणगी. आपला राज्यपक्षी हरियल मात्र या कामात फारसा उपयोगी नसावा, कारण हिरव्या कबुतरांच्या पेषणीत, म्हणजे पोटातल्या जात्यात, अशा बारीक बिया बहुधा दळल्याच जातात. राज्यपक्षी आहे, आपण काय बोलणार. पानांवर जे फोड येतात ते आणखी एका किड्याचं घर, आणि पानंच खाणारे सुरवंट वेगळे.

रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे काढून टाकले, तर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि इतर कितीतरी जाती हद्दपार झाल्या. ज्याच्या एकट्याच्या जाण्याने सगळा संसार मोडतो अशा जातीला त्याने 1969 साली 'कीस्टोन' म्हटलं. पुढे 1986 मध्ये जॉन टरबॉर्ग या शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या जंगलातल्या उंबर-वडाच्या भाईबंदांना त्याच पंक्तीत बसवलं. कारण साधं होतं. इतर झाडांची फळं संपलेली असतात त्या महिन्यांतही यांच्यापैकी कुठलं ना कुठलं फळलेलं असतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर ज्याबद्दल आरडाओरडा चालतो ते अवेळी फळणं हीच मुळात लायकी.

आणि ते अवेळीही नाही. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे त्यातून निघालेल्या माद्यांना तिथे शिरायला कोवळं उंबर मिळत नाही. त्यांचं बाहेरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात दुसरं, वेगळ्या वेळापत्रकावर चालणारं झाड गाठायचं. सगळे उंबर एकदम फळले असते तर ही माशी केव्हाच नामशेष झाली असती. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात उंबराच्या जवळच्या नात्यातल्या एका झाडाचे पराग या माश्यांनी वाऱ्यावर स्वार होऊन तब्बल 160 किलोमीटरपर्यंत नेल्याचं 2009 मध्ये सिद्ध झालं. तेव्हा आमचा उंबर आमच्या पार्किंगमध्ये उभा असला तरी त्याचं घर कुठवर पसरलंय ते गेटवरच्या रजिस्टरात सापडणार नाही. नदीकाठचे, ओढ्याकाठचे, कुठल्या शाळेच्या कुंपणालगतचे उंबर मिळून एक वस्ती आहे, आणि त्यातला एकेक कमी होतो तसं माशीला पुढचं झाड गाठणं अवघड होत जातं. 'परिसंस्थेची सीमा सांगा' असा प्रश्न परीक्षेत का येत नाही, याचं कारण मला इथे कळतं.

छाटणीचा ठराव अखेर बारगळला. माशी, पराग, पेन, पेरू यातलं काही त्याला कारणीभूत नव्हतं. तळमजल्यावरच्या काकू सभेत उठून एवढंच म्हणाल्या, "औदुंबर आहे तो. महाराजांचं स्थान. कुऱ्हाड लावायची तर आधी सह्या करा, नाव कोणाचं घालायचं ते ठरू दे." सही कोणीच केली नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसतं: देवाच्या धाकाने राखलेलं रान शिल्लक राहिलं. धाक कशाचा का असेना, झाड राहिलं की माशीचं काम होतं. मला यात कमीपणा वाटत नाही.

पण काकूंच्या भक्तीने जोर धरला आणि वर्गणी काढून उंबराला पार बांधला गेला. खोडाला चिकटून सिमेंट, त्यावर ग्रॅनाइट, मधोमध पादुका. पूर्वी पडलेली उंबरं मातीत कुजायची. मुंग्या, माश्या, बुरशी, गांडुळं आपापला वाटा उचलायची आणि उरलेलं मुळांना परत मिळायचं. विघटक हा शब्द भाचीने त्या जागी लिहून ठेवला होता. आता उंबरं ग्रॅनाइटवर पडतात. रोज सकाळी ती झाडून बादलीत भरतात आणि घंटागाडीत, ओल्या कचऱ्यात, देतात.